स्पितीतील कँब्रियन थर आणि ट्रायलोबाइट: आधी थराची उंची, मग जीवाश्म

पुण्यात भूविज्ञानात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, येत्या ऑगस्टमध्ये हिमाचलमधल्या स्पितीतील पिन आणि पाराहियो नद्यांच्या खोऱ्यांत कँब्रियन काळातले (सुमारे ५४ ते ४९ कोटी वर्षांपूर्वीचे) थर पाहायला जायचे ठरले आहे, तर तिथे ट्रायलोबाइट या नामशेष समुद्री प्राण्यांचे जीवाश्म कसे शोधावेत, काय काय नोंदवावे, असे जीवाश्म महाराष्ट्रात का मिळत नाहीत, आणि मिळालेला एखादा नमुना स्वतःजवळ ठेवला तर चालेल का. या चार प्रश्नांपैकी दुसरा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि माझ्या उत्तराचा मोठा भाग त्यालाच दिला आहे. ट्रायलोबाइट दिसू लागणे ही डोळ्यांची सवय आहे आणि ती दोन-तीन दिवसांत लागते. तो कोणत्या थरातून, विभागाच्या, म्हणजे खालून वर सलग मोजलेल्या थरांच्या, तळापासून किती मीटर उंचीवरून आला हे जागच्या जागी लिहून ठेवण्याची शिस्त मात्र मुद्दाम अंगी बाणवावी लागते, आणि ती नसेल तर कितीही सुंदर नमुना भूविज्ञानाच्या दृष्टीने मुका राहतो.

आधी महाराष्ट्राविषयी. ट्रायलोबाइट हे केवळ समुद्रात राहणारे संधिपाद प्राणी होते. त्यांचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ५२ कोटी १० लाख वर्षांपूर्वीचे आहेत आणि २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडाच्या अखेरच्या महाविनाशात, त्यांचा शेवटचा वंश संपला. म्हणजे ते मिळायचे तर खडक या दोन वयांच्या मधला हवा आणि तो समुद्रात साचलेला हवा. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, शिवाय लाव्हापासून बनलेला, त्यामुळे त्याचा विचारच करायला नको. चंद्रपूर-यवतमाळकडचा पेनगंगा चुनखडक समुद्रात साचलेला आहे, पण तो कवचधारी प्राणी अवतरण्यापूर्वीच्या प्रोटेरोझोइक काळातला आहे. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडच्या कलादगी खडकांचेही वय तसेच प्राचीन आहे. उरले वर्धा खोऱ्यातले आणि उमरेड-कामठीकडचे कोळशाचे गोंडवन थर. त्यांतल्या पर्मियन भागाचे वय जुळते, पण ते नद्या आणि दलदलींत साचले असल्याने तिथे ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष वनस्पतीची पाने मिळतात, ट्रायलोबाइट नाहीत. वय जुळते तिथे समुद्र नाही आणि समुद्र आहे तिथे वय जुळत नाही, अशी ही स्थिती आहे.

भारतात ट्रायलोबाइटांची शरीरे मुख्यतः हिमालयात मिळतात: स्पिती आणि झंस्कार, काश्मीरमधील कुपवाड्याचा परिसर, आणि लघुहिमालयातील निगालीधार व मसुरी भागांतले ताल खडक. राजस्थानातील नागौर वालुकाश्मात शरीरे नाहीत, पण ट्रायलोबाइटसारख्या प्राण्यांनी गाळ उकरताना आणि त्यावरून चालताना सोडलेल्या खुणा नोंदवल्या गेल्या आहेत. या सर्वांत स्पितीचा अभ्यास सर्वांत दीर्घकाळ आणि सर्वांत पद्धतशीर झालेला आहे, म्हणून तुमची निवड योग्यच आहे.

कँब्रियन काळात आजचा स्पिती हा गोंडवन महाखंडाच्या उत्तर किनाऱ्याचा भाग होता. तिथे नद्या आणत असलेल्या गाळाचा त्रिभुज प्रदेश समुद्रात पुढे सरकत होता आणि वादळांच्या लाटा तो गाळ पुन्हा पुन्हा घुसळत होत्या. या गाळाचे आज दिसणारे थर, म्हणजेच पाराहियो फॉर्मेशन (एका नावाने ओळखला जाणारा थरांचा गट), हजार मीटरहून अधिक जाड आहेत. त्यांत एक क्रम पुन्हा पुन्हा येतो: तळाशी गडद शेल (चिखलाचा पापुद्र्यांचा खडक), वर जाताना वाढत जाणारा वालुकाश्म, आणि अनेकदा माथ्यावर हातभर किंवा त्याहूनही पातळ असा चुनखडीयुक्त थर. हा पातळ थर तुमच्यासाठी मोलाचा आहे, कारण नदीचा गाळ येणे काही काळ मंदावले तेव्हाच तो साचला आणि कवचांना एकत्र साठायला तेव्हाच सवड मिळाली. दूरवरून पाहिल्यास ऊनपावसाने झिजून तो तपकिरी-पिवळसर रेघेसारखा दिसतो. अशी रेघ दिसली की तिथवर चढून जायचे, असा नियम मी सुरुवातीपासून पाळत आलो आहे.

आता थोडा इतिहास, कारण नोंदीचे मोल त्यातून जितके स्पष्ट होते तितके माझ्या सांगण्याने होणार नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हेन्री हेडन यांनी स्पितीचा नकाशा केला, थरांचे विभाग मोजले, त्यांतून जीवाश्म गोळा केले आणि १९०४ मध्ये स्पितीच्या भूविज्ञानावरील आपला ग्रंथ सर्वेक्षणातर्फे प्रसिद्ध केला. त्या संग्रहातील कँब्रियन जीवाश्मांचे वर्णन केंब्रिजच्या काउपर रीड यांनी १९१० मध्ये केले. त्यांत एका लहानशा काटेरी ट्रायलोबाइटला त्यांनी ‘इंडिकस’ हे जातिनाम दिले. आज तो ऑरिक्टोसेफॅलस इंडिकस म्हणून ओळखला जातो. पुढे हीच जाती चीन आणि इतर प्रदेशांतही आढळली, आणि २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय भूविज्ञान संघाने कँब्रियनमधील मियाओलिंगियन श्रेणी आणि वूलिउअन टप्पा या दोन्ही कालविभागांचा तळ याच ट्रायलोबाइटच्या पहिल्या आगमनावर निश्चित केला. प्रमाण-स्थान, म्हणजे हा तळ जिथे अधिकृतपणे दाखवला जातो ती जागा, ठरले ते चीनच्या ग्वेझो प्रांतात, कायली फॉर्मेशनच्या तळापासून ५२.८ मीटर उंचीवर. हा आकडा नीट पाहा. जगभरच्या कालमापनाची एक रेषा दशांश मीटरपर्यंत मोजलेल्या एका उंचीवर उभी आहे.

जातीचे नाव भारताचे असूनही प्रमाण-स्थान चीनमध्ये का, असे विद्यार्थी विचारतात आणि त्या प्रश्नामागची हळहळ मला समजते. माझ्या मते यात अन्याय काही नाही. कायलीत मऊ, सलग साचलेल्या चिखलखडकात जवळजवळ थराथराला जीवाश्म आहेत, त्यामुळे एखादी जाती नेमकी कुठे प्रथम अवतरते हे तिथे दाखवता येते. स्पितीत त्रिभुज प्रदेशाच्या वाळूमध्ये ट्रायलोबाइट मोजक्या, एकमेकांपासून दूर असलेल्या थरांतच आहेत; दोन थरांच्या मधल्या जागेत काय घडले ते तिथला खडक सांगत नाही. तरीही स्पितीचे महत्त्व कमी होत नाही. २००६ मध्ये पॉल मायरो, नायजेल ह्यूज आणि डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतील संशोधक यांनी पाराहियोचा विभाग नव्याने मोजला, आणि २००९ मध्ये पेंग, ह्यूज आदींनी पाराहियो आणि झंस्कार खोऱ्यांतील ट्रायलोबाइटांचे सविस्तर वर्णन केले. हेडनने शंभर वर्षांपूर्वी गोळा केलेले नमुने या नव्या मोजमापाशी जोडणे शक्य झाले, याचे कारण एकच: हेडनने आपल्या नमुन्यांबरोबर थरांचा क्रम लिहून ठेवला होता. स्पितीतल्या ट्रायलोबाइटांपैकी हेडेनास्पिस पर्वत्या आणि काओटाइया प्राचिना ही नावे तुम्ही वाचाल तेव्हा त्यांतले संस्कृत शब्द तुमच्या कानाला ओळखीचे वाटतील. त्यांतल्या पहिल्याच्या प्रजातिनामात हेडनचे नावही आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. पहिले दोन दिवस हातोडा पिशवीतच ठेवा. स्पितीतले मुख्य गाव काझा साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि मनालीकडून आलात तर वाटेत साडेचार हजार मीटरची कुंझुम खिंड लागते. शरीर रुळल्याशिवाय चढावरचे काम करू नये. हे दोन दिवस खोऱ्याच्या समोरच्या बाजूने विभाग पाहण्यात घालवा. कुठे थर सलग दिसतात, कुठे घसरणीखाली झाकले आहेत, कुठे घडी पडली आहे, कुठे विभंगाने थर तुटले आहेत, याचे रेखाचित्र समोरच्या काठावरून जितके चांगले होते तितके थरांवर उभे राहून होत नाही. ओढे सकाळी ओलांडा, कारण दुपारनंतर बर्फ वितळून पाणी वाढते आणि सकाळी गुडघ्याएवढा असलेला ओढा परतताना ओलांडता येत नाही.

मोजमापासाठी दीड मीटरची काठी, म्हणजे जेकब्स स्टाफ, आणि तिच्यावर बसवलेला उतारमापक वापरा. थराचा डिप (कलाचा कोन) आणि स्ट्राइक (कलाला काटकोनातली आडवी दिशा) ब्रंटन कंपासने, म्हणजे भूवैज्ञानिकांच्या होकायंत्राने, काढा. मग उतारमापक डिपच्या कोनावर लावून काठी थरांना काटकोनात झुकवा आणि त्यातून नजर थराच्या पातळीला समांतर सोडा. नजर समोरच्या उतारावर जिथे टेकेल ती जागा तुमच्या पायाखालच्या थरापेक्षा बरोबर दीड मीटर वरच्या थराची असते. तिथे जाऊन पुन्हा तेच करायचे. नुसत्या टेपने जमिनीवरचे अंतर मोजून जाडी म्हणून लिहिणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे: सपाट जमिनीवर स्ट्राइकला काटकोनात १०० मीटर चाललात आणि थरांचा कल ४० अंश असेल, तर थरांची खरी जाडी १०० नव्हे, सुमारे ६४ मीटर असते. डिप दर दहा-पंधरा मीटरला पुन्हा मोजा, कारण हिमालयात तो सारखा राहत नाही.

थर उलटे नाहीत ना, हेही आधी तपासा. घड्यांमध्ये उलटलेल्या बाजूला वर चढताना तुम्ही काळात मागे जात असता. वालुकाश्मातील तिरके स्तरण वरच्या बाजूला कापलेले असते, लाटांच्या उमटलेल्या वळ्यांचे शेंडे वर असतात, वादळी थरांत कण खालून वर बारीक होत जातात, आणि थराच्या तळाला खरवडल्याच्या खुणांचे उठाव असतात. यांपैकी किमान दोन पुरावे एकमेकांशी जुळले की मगच वहीत वरच्या दिशेचा बाण काढा.

जीवाश्म शोधताना उन्हाचा कोन हा तुमचा सर्वांत चांगला साथीदार आहे. सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी चारनंतर तिरप्या उजेडात कवचाचा अर्धा मिलिमीटर उठावही सावली टाकतो. भर दुपारी तीच शिळा कोरी दिसते. अखंड ट्रायलोबाइट शोधत बसू नका. हा प्राणी वाढताना अनेकदा कात टाकत असे आणि कात टाकताना डोक्याचे कवच ठराविक शिवणींवर उकलून गाल वेगळे होत, त्यामुळे चुनखडीयुक्त थरांत तुम्हाला बहुतेक वेळा डोक्याचा मधला भाग किंवा शेपटीची ढाल एवढेच सुटे तुकडे मिळतील. एका प्राण्याने आयुष्यात अनेक काती टाकलेल्या असल्याने तुकड्यांची संख्या म्हणजे प्राण्यांची संख्या नव्हे, हे मोजताना ध्यानात ठेवा. उलट अखंड नमुने मिळालेच तर ते बहुधा शेलमध्ये, चपटे झालेले असतील. आणि एखाद्या पृष्ठावर डोक्याच्या ढाली पालथ्या पडलेल्या जास्त आहेत की उताण्या, हे लिहून ठेवा. वाहत्या पाण्यात पालथी वाटी स्थिर राहते, म्हणून ही साधी मोजणीही तिथल्या प्रवाहाविषयी काही सांगते.

उतारावर खाली पडलेल्या सुट्या दगडांत ट्रायलोबाइट आधी दिसतो. तो दिसला की आनंद होतो, पण त्याला विभागातली उंची देण्याचा मोह टाळा. त्यावर ‘घसरणीतील’ असे स्पष्ट लिहा आणि मग त्याच प्रकारचा खडक जागेवर कुठे आहे ते वर चढत शोधा. कधी तासभर लागतो, कधी अर्धा दिवस जातो आणि सापडत नाही. सापडत नसेल तर नसू द्या, पण अंदाजाने उंची लिहू नका. चुकीच्या उंचीचा एक नमुना पुढच्या माणसाची वर्षे वाया घालवतो.

नमुन्यावर क्रमांक थेट दगडावर, न पुसणाऱ्या शाईने लिहा, मग कागदाच्या चिठ्ठीवर, मग वहीत, आणि रोज संध्याकाळी वहीच्या पानांचे फोटो काढा. हा आग्रह मी अनुभवातून धरतो. माझ्या तिसऱ्या खेपेला मी फक्त चिठ्ठ्यांवर स्केचपेनने क्रमांक लिहिले होते. परतताना ओढ्यात पिशवी भिजली आणि अकरा पुडक्यांवरची शाई उतरली. दगड शाबूत होते, त्यांतले दोन मी आजवर पाहिलेल्या सर्वांत चांगल्या नमुन्यांपैकी होते, पण ते कोणत्या थराचे हे मला सिद्ध करता येत नाही आणि म्हणून ते कोणत्याही लेखात वापरता आलेले नाहीत. दगड फुटून नमुन्याचे दोन भाग झाले तर साचा आणि ठसा दोन्ही जपा, एकाच क्रमांकाला अ आणि आ जोडा, आणि वेगवेगळ्या कागदांत गुंडाळून एकाच पुडक्यात ठेवा. ठशावर कित्येकदा असे बारीक काटे आणि खाचा टिकतात जे साच्यावर दिसत नाहीत. नमुना खडकापासून सुटा करण्यापूर्वी त्यावर थराच्या वरच्या बाजूचा बाण आणि उत्तर दिशा खुणेने लिहा. ऍसिडची बाटली खडकाची जात ओळखण्यासाठी जरूर न्या, पण जीवाश्मावर थेंब टाकू नका: ट्रायलोबाइटचे कवच कॅल्साइटचे असते आणि चुनखडकाबरोबर तेही विरघळते.

दिशेची ही खूण का हवी, याचे हिमालयातले उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागेल. हे खडक डोंगर उभे राहताना दाबले आणि ताणले गेले आहेत, आणि त्यांच्यासह कवचेही. एकाच शिळेवर एका दिशेला पडलेला ट्रायलोबाइट लांब-अरुंद दिसतो, तर त्याच्या काटकोनात पडलेला, त्याच जातीचा दुसरा रुंद-बुटका दिसतो. तिरपा पडलेला तर एका बाजूला झुकतो आणि त्याची सममिती मोडते. जुन्या काळी आकारातल्या अशा फरकांवरून एकाच जातीला अनेक नावे दिली गेली. नायजेल ह्यूज आणि पीटर जेल यांनी १९९२ मध्ये काश्मीरच्या कँब्रियन ट्रायलोबाइटांवर संगणकाने ही विकृती उलट फिरवून, खरे जैविक फरक कोणते आणि दाबाने आलेले कोणते हे वेगळे करण्याची पद्धत मांडली. तुमच्याकडे असे साधन नसले तरी शिळेवर प्रत्येक नमुन्याच्या अक्षाची दिशा आणि लांबी-रुंदी मोजून लिहिली, तर ते काम पुढे कोणीही करू शकेल. शिळेतून एकच देखणा नमुना छिन्नीने काढून घेतला, तर मात्र ती शक्यता कायमची जाते. म्हणून शक्य असेल तिथे अनेक नमुन्यांची एक शिळा ही सुट्या दहा नमुन्यांपेक्षा मला अधिक मोलाची वाटते.

विभागाच्या माथ्यावर पोहोचलात की थोडा वेळ थांबा. पाराहियोचे कललेले थर तिथे कापले गेले आहेत आणि त्यांवर ऑर्डोव्हिशियन काळातील थांगो फॉर्मेशनचे पिंडाश्म आणि वालुकाश्म वेगळ्या कोनात बसले आहेत. ही कोनीय विसंगती आहे: समुद्रतळाचे थर आधी उचलले गेले, वाकले, झिजले, आणि मगच त्यांवर गोटे पसरले. आजचा हिमालय उठण्याच्या कित्येक कोटी वर्षे आधीच्या या हालचालीला कुरग्याख गिरिजनन म्हणतात. कँब्रियनच्या उत्तरार्धाचा इतिहास इथे त्या रेषेत हरवला आहे, त्यामुळे त्या वयाचे ट्रायलोबाइट शोधायचे असतील तर झंस्कारकडे जावे लागते. रेषेच्या वरच्या पिंडाश्मातले गोटे फोडून पाहू नका, असे काही जण सांगतात. मी उलट सांगेन की ते कोणत्या खडकांचे आहेत याची मोजणी जरूर करा, कारण खालचे काय झिजून गेले याचा तोच साक्षीदार आहे.

परत आल्यावर नमुने स्वच्छ करताना सुई आणि मऊ ब्रश यांपलीकडे घाई करू नका. फोटोसाठी नमुन्यावर आधी काळ्या रंगाचा पातळ थर आणि त्यावर अमोनियम क्लोराइडची पांढरी वाफ देतात. प्रकाश वरच्या डाव्या बाजूने तिरपा ठेवतात. पांढरा थर पाण्याने निघतो, पण आर्द्र हवेत तो तसाच राहू दिल्यास कवचाला इजा होते, म्हणून फोटो झाल्या दिवशीच धुवा.

राहिला नमुना स्वतःजवळ ठेवण्याचा प्रश्न. पिन खोऱ्याचा मोठा भाग १९८७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानात येतो, त्यामुळे निघण्यापूर्वीच हिमाचलच्या वनविभागाकडून लेखी परवानगी घ्या, मोजायच्या थरांच्या विभागाची जागा उद्यानाच्या हद्दीत आहे की बाहेर हे नकाशावर त्यांच्याकडून खूण करून घ्या, आणि परवानगीत नमुने गोळा करण्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर फक्त मोजमाप आणि फोटो करून परत या. सग्नम आणि मिक्किमच्या गावकऱ्यांना काय करायला आलो आहोत हे आधी सांगा. कोणता कडा कधी ढासळतो हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले माहीत असते. परवानगीने आणलेला नमुनाही तुमचा नसतो. तो विद्यापीठाच्या किंवा सर्वेक्षणाच्या संग्रहालयात क्रमांकासह जमा करा आणि जमा करताना वहीतील त्या विभागाच्या पानांची छायाप्रत त्याच खोक्यात ठेवा. रीडने वर्णन केलेले स्पितीचे मूळ नमुने आजही कोलकात्यात सर्वेक्षणाच्या संग्रहात आहेत. जेल आणि ह्यूज यांनी १९९७ मध्ये हिमालयातील कँब्रियन ट्रायलोबाइटांचा फेरविचार प्रसिद्ध केला, तेव्हा जुनी नावे तपासायला हेच नमुने उपलब्ध होते. टेबलावर शोभेला म्हणून काही हवे असेल, तर विसंगतीच्या रेषेवर उभे राहून काढलेला एक फोटो फ्रेम करून ठेवा. माझ्या टेबलावर तोच आहे.